पिवळ्या खोलीतला अग्नी

१७ मे, पहाटे ५.१०
आजपासून मणिपूर चक्र जागृत करायचं. जागा बेंबीच्या मागे, तत्त्व अग्नी, मंत्र रं, रंग पिवळा, पाकळ्या दहा. नेटवरच्या एका चित्रात नऊच निघाल्या. मोजून कमेंट टाकली. हे चक्र उघडलं की भूक आणि निश्चय, दोन्ही ताब्यात. गुरू लागत नाही. मोटार रिवाइंडिंग तरी मी कुणाकडं शिकलो?

१८ मे
समोरची खोली पिवळी मारली. बाहेर बोर्ड लागणार: मणिपूर योग केंद्र, वडीगोद्री. बायको वंदना म्हणाली, उडदाचे पापड सावलीत वाळवावे लागतेत, ते काय तुमच्या बेंबीवर पसरू? संसारी माणसाला अग्नीतत्त्व समजावणं अवघड.

२१ मे
चार दिवस निव्वळ लिंबूपाणी. आज बेंबीच्या वर स्पष्ट दाह. अग्नी पेटला! वंदना म्हणे, ॲसिडिटी हाय ती, भाकर खा.
दुपारी: प्रयोग म्हणून भाकर खाल्ली. दोन. दाह शांत. म्हणजे चक्र आपलं ऐकतं.

२४ मे
अधिक महिना, म्हणून घनसावंगीहून सासुरवाडीचं धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं. मेहुणा कल्याण फोनवर म्हणे, दाजी, पाट मजबूत काढून ठेवू ना? पुरणाचा एकच धोंडा खाईन, मी शांतपणे सांगितलं. तो किती वेळ हसत होता. वंदनानं शर्तच घातली: एकावर थांबलात तर खोली तुमची, न्हाई तर माझ्या पापडाची. बिलकुल मंजूर.

३० मे
बोर्ड आला. पाकळ्या दहाच. मोजल्या.

३१ मे, रविवार, दुपारी. सासऱ्यांच्या ओसरीवर, आडवा.
एक धोंडा खाल्ला आणि थांबलो. मनात रं, रं. मंग सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या. जावईबापू, एकटा धोंडा वाढत न्हाईत, जोडीनं घ्या. वडीलधाऱ्यांचा मान. दोन झाले. कल्याण तिसरा घेऊन आला. मी ठाम नकार दिला: ताटात तीन पडू नयेत, एवढंही कळत नाही? म्हणून चार. पण अधिकाचं वाण विषम असतं, तेहतीस अनारसे उगाच देतात का, हे मीच सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. म्हणून पाच. सासरे म्हणाले, जावई हुशार हायत. वंदना नुसती वाढत राहिली.
उठताना पँटचा हुक तुटून कल्याणच्या आमटीत पडला. हुक निकृष्ट होता.

२ जून
खोलीत पापड. बोर्डही आतच, चार विटांवर आडवा. वंदना म्हणे, सपाट हाय, बराय. मला राखणीला बसवलंय, चिमण्या हाकायला. पिवळ्या रंगानं वाळवण लवकर होतं, हे माझं स्वतंत्र निरीक्षण. सकाळी दहा पाकळ्यांवर दहा पापड बरोब्बर बसले होते. आता सात दिसतात. चिमण्या फार माजल्यात.
वंदना म्हणे, खिडकीला जाळी हाय.