मेण खराब नव्हतं

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. कलकत्त्यात लोक अजून मला थांबवून सांगतात, तुमच्या वडिलांसारखा रेकॉर्डिंग करणारा पुन्हा झाला नाही. मी मान डोलावतो. मनात म्हणतो, डोंबलाचा!

त्या दिवशी हावड्याहून यायचा गायक आलाच नाही, पुलावर ट्रामा अडकल्या होत्या. वादक खोळंबलेले. बंगाली मॅनेजर मला म्हणाले, "तुम्हीच गा ना, तुम्हाला सगळं पाठ आहे." तुमच्या हाताखाली यंत्रं सांभाळणारा मी, काचेपलीकडे माइकसमोर जाऊन उभा राहिलो. काय गायलो अण्णा! सारंगीवाले म्हातारे "आहा, आहा" करत होते. गाणं मेणाच्या तबकडीवर कोरलं गेलं. ती तशीच कारखान्यात जायची आणि तिच्यावरून रेकॉर्डी निघायच्या. त्या मऊ मेणावर सुई फिरवली की गाणं ऐकू येतं, पण तबकडी कायमची वाया जाते, हे मला तुम्हीच शिकवलेलं. आणि तुम्ही शांतपणे सुई ठेवलीत. माझा आवाज कर्ण्यातून येतोय, येता येता पुसला जातोय. मी काचेतून तुमच्याकडे बघतोय आणि तुम्ही चष्मा पुसताय.

घरी आई पोळ्या लाटता लाटता विचारते, "कसं झालं हो याचं गाणं?" तुम्ही आमटी भुरकत म्हणता, "मेण खराब निघालं. आणि गाणाऱ्याचं काय, आज वाहवा, उद्या कुत्रं विचारत नाही. आपण काचेच्या अलीकडेच बरे." धडधडीत खोटं बोललात, तेही भरल्या ताटावर. दुसऱ्या दिवशी तो गायक आला आणि गाणं त्याचं झालं.

तुम्ही गेल्यावर मी नोकरी सोडली. तोवर टेप आली होती. आधी दुसऱ्यांची गाणी बसवून रेकॉर्डी काढल्या, मग एस्प्लनेडच्या थिएटरात स्वतःच गायला बसलो. लोकांनी डोक्यावर घेतलं. पण वरच्या पट्टीत तो गळा आता लागत नव्हता. माझी ती वर्षं तुम्ही खाल्लीत, आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, ते फाडूनच टाकणार. म्हणून लिहितो. त्या दिवशी मधलं दार उघडंच होतं. धावत येऊन सुई उचलता आली असती मला. नाही उचलली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला ऐकत होतो, आणि गाणं संपेपर्यंत हलावंसंच वाटलं नाही.