ओढ्याकाठच्या वर्कशॉपची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, जलविद्युत केंद्रातून निवृत्त झालेला यंत्रचालक, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे याची खात्री डॉक्टरांनी मला आजचा वार विचारून केली. मी बरोबर सांगितला. कॅलेंडर त्यांनाच पाहावे लागले. मन मात्र ठिकाणावर नाही. मला स्वतःची लाज वाटते, आणि ती कोणत्या कलमात घालावी हे वकिलांनाही सांगता आले नाही.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतील शिल्लक माझ्या मुलीला. जावयांना माझी शिडी. ती त्यांनी मागेच "दोन दिवसांसाठी" नेली आहे, तेव्हा ती आणायला कोणी जाऊ नये.

२. लेथ मशीन, पाने आणि इतर हत्यारे पुतण्याला. पान्याने खिळे ठोकताना दिसल्यास त्याचा हक्क संपला असे समजावे.

३. ओढ्याकाठचे वर्कशॉप आणि त्याखालची जागा. येथे सविस्तर लिहावे लागेल.

जन्मभर मी पाण्याच्या विजेची वकिली केली, लोकांच्या लग्नकार्यातसुद्धा. म्हणून मला 'टर्बाइन' म्हणतात; एकदा फिरायला लागला की थांबत नाही. माझे म्हणणे आजही तेच आहे. कोळसा जळला की संपला, डिझेलचा धूर आपल्याच छातीत जातो. पाणी मात्र चक्र फिरवून पुढे जाते आणि खालच्या मळ्याला तेच पाणी मिळते. पावसाळ्यात आभाळ भरून आले की सौर पॅनल सुस्तावतात, आणि नेमका तेव्हाच ओढा जोरात असतो. मोठ्या धरणाने माणसे उठवली हेही खरे. माझ्या थोरल्या भावाचे घर त्यातच गेले. म्हणून मला छोट्या ओढ्यावरचे छोटे केंद्र जास्त पटते. कमरेएवढा बंधारा, कोणाचे घर बुडत नाही, आणि वरच्या वस्तीला हक्काची वीज.

गेल्या महिन्यात असे केंद्र खरोखरच व्हायचे ठरले. मोजणीवाल्या बाई आल्या आणि यंत्रघरासाठी त्यांना पसंत पडली ती नेमकी माझ्या वर्कशॉपची जागा. हे वर्कशॉप मी आणि बायकोने उभे केले. भिंतींचे दगड तिने वाहिले. ती गेल्यापासून मी रोज संध्याकाळी तिथेच बसतो. मी बोलून गेलो, "इथे पाण्याला पुरेसा उतार नाही. शिवाय गाळ फार. चक्राची पाती टिकायची नाहीत."

उतार भरपूर आहे. नळीत पाणी भरून मी स्वतः तो मोजलेला आहे. गाळ म्हणाल तर ओढ्याचा तळ दिसतो.

"काका, तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जागेवर फुली मारली. दुसरी सोयीची जागा नाही, त्यामुळे काम बारगळले. तेव्हापासून मी वस्तीकडच्या रस्त्याने जात नाही.

म्हणून वर्कशॉप आणि जागा माझ्या मृत्यूनंतर यंत्रघरासाठी वस्तीला विनामोबदला द्यावी.

येथपर्यंत लिहून दुसऱ्या साक्षीसाठी (डॉक्टर बसलेलेच होते) वहिनींना, म्हणजे थोरल्या भावाच्या पत्नीला, बोलावले. धरण झाल्यापासून त्या वरच्या वस्तीतच राहतात. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले.

"म्हणजे भावजी, वीज हवी असेल तर आम्ही तुमच्या मरणाची वाट बघायची?"

"तसं नाही हो वहिनी."

"तसंच आहे. उद्या वस्तीतलं कोणी तुमची तब्येत विचारायला आलं, तर तुम्हाला काय वाटेल?"

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

"तिचे हात लागलेत त्या भिंतींना," मी म्हणालो.

"माहीत आहे मला. माझ्या भिंती पाण्याखाली आहेत. मी रडले, पण दिल्या. तुम्हाला रडू नका असं कोण म्हणतंय?"

मी रडलो. डॉक्टरांसमोर, एवढा घोडा होऊन. वहिनींनी पाणी दिले, पण पेन उचलले नाही.

मग मी त्यांच्यासमोरच मोजणीवाल्या बाईंना फोन लावला आणि खोटे बोललो असे सांगितले. "मी तुमच्या शब्दावर अहवाल दिला होता, काका," एवढेच त्या म्हणाल्या. उद्या त्या पुन्हा येणार आहेत. या वेळी उतार त्या स्वतः मोजणार आहेत. ते ऐकून मान खाली गेली, पण त्यांचे बरोबर आहे.

सबब कलम ३ मी माझ्या हाताने खोडत आहे. ती जागा मी जिवंतपणीच देत असून वकील बक्षीसपत्र तयार करत आहेत. माझ्या मागे वाटणीला ती उरणार नाही.

ठिकाण: वर्कशॉप. सामान हलवणे सुरू आहे.
दिनांक: एकवीस ऑक्टोबर

सही: टर्बाइन

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. वहिनी. खाडाखोड माझ्यासमोर झाली. मला मान्य आहे.