भट्टीचा पासवर्ड

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी.
बेकरीच्या भट्टीचं कंट्रोल पॅनल आमची कंपनी बनवते. त्यातलं सॉफ्टवेअर माझं. आजवर कोणीही यावं आणि तापमान फिरवून जावं, असा कारभार होता. आता पासवर्ड लागेल. सेटिंगमध्ये जेवढे पर्याय सापडले तेवढे सगळे चालू केले. बारा अक्षरं, त्यात मोठी एबीसीडी, छोटी एबीसीडी, आकडा, चिन्ह. दर आठवड्याला नवा पासवर्ड. अक्षराच्या जागी तारका दिसणार. तीनदा चुकलं की पॅनल बंद, आणि पुढच्या प्रत्येक चुकीला दुप्पट वेळ थांबायचं.
सर म्हणाले, अहो, भट्टी आहे ही, बँक नाही. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

५ मार्च, बुधवार
टेस्टिंगच्या मॅडमनी विचारलं, खऱ्या पॅनलवर करून पाहिलंत का? लॅपटॉपला केबल लावून पाहिलं, लोण्यासारखं चालतंय, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, पॅनलला कीबोर्ड नाहीये, चारच बटणं आहेत. मी म्हटलं, मला माहीत आहे.
खुसपट काढायची खोडच आहे त्यांना.

८ मार्च, शनिवार
ट्रायलसाठी मेहुण्याची बेकरी. बायको म्हणाली, त्याला आत्ता कुठे हॉस्पिटलच्या कँटीनची ऑर्डर मिळालीय, त्याच्या भट्टीवर प्रयोग नकोत. मेहुणा मात्र म्हणाला, भाऊजी स्वतः बसवतायत म्हटल्यावर बघायलाच नको. गुणी मुलगा. माणसं ओळखतो.
तापमानाचं जुनं फिरवायचं बटण काढून फळीवर ठेवलं. पहिला पासवर्ड लॅपटॉपवरून मीच टाकून दिला. भट्टी झकास चालू.
सरांकडे प्रमोशनचा विषय काढावा का?

१५ मार्च, शनिवार, पहाटे
मेहुण्याचा फोन. भट्टी सुरूच होत नाही, जुना पासवर्ड टाकून नवा ठरवा म्हणतेय. आठवडा झाला! म्हणजे फीचर बरोबर चालतंय. त्याला म्हटलं, घाबरू नकोस, वरचं बटण दाबत राहा, हवं ते अक्षर आलं की थांब. तो म्हणाला, अक्षर कुठलं आलंय ते कळणार कसं? मला नुसती तारका दिसतेय.
हे लक्षात आलं नव्हतं. निघतो. लॅपटॉप ऑफिसात कुलपात आहे. हरकत नाही, बटणांवर जमेल.

त्याच दिवशी, सकाळी
जमलं नाही.
बटण मोजून दाबत होतो. नववं अक्षर की दहावं, मध्येच हिशेब चुकायचा. मग थांबा. मग परत चुका. मग दुप्पट थांबा. तोवर ट्रेमधलं पीठ फुगून काठावरून ओघळलं आणि मग बसलं. मेहुणा पिठाचे हात घेऊन माझ्या मागे उभा. कँटीनचा फोन आला तसा तो बाहेर जाऊन बोलला.
परत आला तेव्हा मी सांगून मोकळा झालो, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, तुझं वायरिंग एकदा बघून घे. तो बरं म्हणाला. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

१७ मार्च, सोमवार
वायरिंग तसं जुनं असेलच. निम्मा दोष त्याचा धरायला हरकत नाही.
रिपोर्ट दिला: ट्रायल समाधानकारक, ग्राहकाच्या वीजपुरवठ्यामुळे किरकोळ अडथळा. मॅडमनी तो वाचला आणि फाइलला लावून टाकला. खुसपट काढलं असतं तर बरं झालं असतं. डबा तसाच परत आणला.
बायकोने सांगितलं, कँटीनची ऑर्डर गेली. मी म्हटलं, व्होल्टेज. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.
निश्चय: मेहुण्याला उद्या खरं सांगायचं.

१८ मार्च, मंगळवार
तारका बंद केल्या. आठवड्याची मुदत काढली. हीसुद्धा एक प्रकारची कबुलीच.

१९ मार्च, बुधवार
डोकं दुखतंय. अशा अवस्थेत नाजूक विषय काढू नयेत.

२२ मार्च, शनिवार
गेलो एकदाचा. बोलायची वाक्यं रस्ताभर घोकली. बेकरीत पाहतो तर मेहुण्याने माझं पॅनल काढून जुनं बटण परत बसवलेलं, आणि भट्टी चालू. मी सुरुवात केली, त्या व्होल्टेजचं असं आहे की...
तो म्हणाला, राहू द्या भाऊजी. पॅनलवर 'पासवर्ड चुकीचा' असं येत होतं, मला वाचता येतं.
कँटीनवाल्यांना त्याने त्या दिवशी सांगितलं होतं, माझाच डोळा लागला, उठायला उशीर झाला. ते म्हणाले, झोपाळू माणसाकडून आम्ही पाव घेत नाही. खरं का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुमचं नाव खराब झालं असतं, आणि ताईला वाईट वाटलं असतं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडे वळला. निघताना त्याने गरम पाव कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. ताईला द्या, म्हणाला.
माफी मागायला गेलो होतो, पाव घेऊन घरी आलो.