ओटीसोबत आलेला राजीनामा

३ फेब्रु., सोम.
सातवा लागला. म्हणजे क्लिनिकची रीत आता माझ्यापर्यंत पोचणार. डॉक्टरसाहेबांच्या मॅडम ओटी भरतात, आणि मग बाई 'आपणहून' राजीनामा देते. मूल वर्षाचं झालं की परत घेतात, तेही नवीन म्हणून. रिसेप्शनवरच्या सरोजदीदीनं दोनदा दिलाय. म्हणे, "वापस तो लेते हैं ना! इतना भी कौन करता है?" डोकंच फिरलं. सहा वर्षं लॅब सांभाळतेय मी इथली.

६ फेब्रु., गुरु.
भरली ओटी. हिरवी साडी, नारळ, पेढे, टाळ्या. पेढ्यांच्या डब्याखाली टाइप केलेला राजीनामा, फक्त सही बाकी. साडी ठेवून घेतली. कागद सगळ्यांसमोर परत केला. "मॅडम, मुझे छुट्टी चाहिए. छब्बीस हफ्ते, पगार के साथ. कानून में है." टाळ्या बंद. मॅडम म्हणाल्या, "हमने तो तुमको घर की बेटी माना था."
घरच्या मुलीकडून राजीनामा घेतात का? हे मेलं ऑटोत बसल्यावर सुचलं!

७ फेब्रु.
प्रशांत घाबरलाय. "काहून भांडण घेऊन राहिली? चांगले लोक आहेत ते." आहेत ना. पण उद्या त्यांचा मूड गेला तर? नवऱ्याचाच जास्त राग आला.
सासूबाई रेल्वेत होत्या. पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मले भेटली होती सुटी. कोनाच्या पाया नाही पडली मी. माही सून काहून पडन?"
त्या सुट्टीतलं बाळ मान खाली घालून भात कालवत होतं.

१० फेब्रु., सोम.
अर्ज दिला. शेवटी सवयीनं 'महान कृपा होगी' लिहून बसले. फाडला, दुसरा लिहिला. कसली कृपा? पोच मागितली. शिक्का सरोजदीदीकडे. तिनं साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं, मग मारला.

१३ फेब्रु.
उत्तर नाही. साहेब नमस्कारसुद्धा घेत नाहीत. न घेवोत. रोज वेळेवर जाते, खुर्ची सोडत नाही.
दुपारी दीदी लॅबमध्ये आली, दार लोटून घेतलं. मग हळूच, "सुन ना... मेरा जो दो बार का गया, वो भी हक था क्या?"
हो म्हटलं. ती स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली.