अजेयच्या अंगठ्यावर पडलेल्या टर्बोविषयी

देवास,
मार्गशीर्षातला मंगळवार

ती. वन्संस,

विनोदिनीचा नमस्कार, तोही चांगला वाकून (कंबर साथ देतेय तोवर घ्या). इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे तुमचे बंधू मजेत होते आणि मी जिवंत आहे. तुमचा रक्तदाब, भावोजींचा खोकला आणि गच्चीवरची माकडं, तिन्हींचं वर्तमान कळवावं. खरं तर फोनच केला असता. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि मी देवासात कुजबुजले की धारला लालबागेत फिरायला आलेली माणसं मान डोलावतात. शिवाय हल्ली तुमचे बंधू 'नेट का अडकतंय बघतो' म्हणून माझा फोन घेऊन बसतात. माझं अक्षर मात्र त्यांना लग्न झाल्यापासून लागलेलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी बदनामीचा निकाल लावू. मी अजेयच्या पायावर टर्बो फेकला, असं तुमच्या कानावर आलंय म्हणे. साफ खोटं. टर्बो माझ्या हातून सुटला आणि खाली तुमच्या चिरंजीवांचा अंगठा होता. आता हा टर्बो काय प्रकार आहे आणि तो माझ्या हातात आला कसा, ते नीट सांगते. पिथमपूरच्या कारखान्यात इंजिनियर असलेला तुमचा मुलगा एक बाजू सांगणार, दुसरी बाजू सांगायला मामीशिवाय आहे कोण?

तुम्हाला माहीत आहेच की हे निवृत्त झाले तेव्हा कंपनीने शाल दिली, नारळ दिला आणि घरी पाठवलं. लोक अशा वेळी गुलाब लावतात, नाहीतर गीता वाचायला घेतात. यांनी इंदूरच्या एका शेठजींच्या मुलाकडून जुनी लाल जपानी स्पोर्ट्स कार आणली. दोन दारं, दोन सीटा, आणि जमिनीपासून इतकी कमी उंच की तिच्यात बसता येत नाही, पडावं लागतं. उतरताना तर मी आधी पर्स बाहेर काढते, मग पाय, मग देवाचं नाव घेते. हळदीकुंकवाला गेले की यजमानीण दारात वाट बघत असते आणि मी तिच्या चपलांच्या उंचीवरून 'आले हं' म्हणते. बरं, घरातली दुसरी गाडी म्हणून ठेवली असती तर एक वेळ चाललं असतं. पण नाही! 'गाडी रोज चालली पाहिजे, विनू.' म्हणजे दूध त्याच गाडीतून, भाजी त्याच गाडीतून, चामुंडेच्या टेकडीला तीच गाडी. आणि महिन्यातल्या एका रविवारी पिथमपूरच्या ट्रॅकवर, जिथे एंट्री घेऊन हौशी माणसं हेल्मेट घालून गोल गोल फिरतात आणि जिथून निघाली तिथेच येऊन एकमेकांचं अभिनंदन करतात.

हेही ठीक चाललं होतं, अजेय मदतीला होता, रोज संध्याकाळी मामा-भाच्याचा फोन ठरलेला होता. मग एका रविवारी रतलामच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ रस्त्यावर यांना मागे टाकलं. जाताना हात केला. घरी येऊन हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता म्हणाले, 'टर्बो लावावा लागेल.'

टर्बो म्हणजे, वन्सं, असं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर फुकट जातो. त्या धुरावर एक पंखा फिरवायचा, त्या पंख्याने पलीकडचा पंखा फिरवायचा, आणि पलीकडच्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. (शाळेत भूगोल शिकवत जन्म गेला, आणि व्यापारी वाऱ्यांनंतर मला समजलेला हा दुसरा वारा.) अडचण एवढीच की टर्बो मोठा घ्यायचा की छोटा? छोटा चटकन फिरतो, पण इंजिन पळायला लागलं की त्याला दम लागतो. मोठा उशिरा जागा होतो, पण जागा झाला की कुणाचं ऐकत नाही. ज्या गाडीने सकाळी कोथिंबीर आणायची आणि रविवारी शर्यतीच्या रस्त्यावर धावायचं, तिला कुठला? या एका प्रश्नावर आमच्या घरी दोन पक्ष पडले. मोठ्याच्या बाजूने अजेय, लॅपटॉप आणि आलेख घेऊन. छोट्याच्या बाजूने ए.बी. रोडवरचा गॅरेजवाला वीरेंद्र, ज्याला सगळं देवास वीरेंद्र भिया म्हणतं. तो माझ्या हातचे पोहे खात म्हणाला, 'काकी, बडा लगाओगे तो चौराहे पे खडे रह जाओगे, फिर सीधे उज्जैन में रुकोगे.' तुमचे बंधू दोघांचंही ऐकून मान हलवत होते, आणि ती मान आडवी हलतेय की उभी हे मला इतक्या वर्षांतही सांगता येत नाही.

भाचा तो भाचा, म्हणून आधी मोठा बसला. त्यानंतरच्या रविवारी आम्ही माझ्या माहेरी, हाटपिपल्याला निघालो. भाचीचं, नीरजाचं, केळवण होतं आणि माझ्या मांडीवर बासुंदीचा डबा. (डिकीत का नाही ठेवला म्हणाल, तर डिकीत यांचं हेल्मेट होतं. हेल्मेटला खरचटलेलं यांना चालत नाही.) वाटेत सोयाबीनची पोती भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली. यांनी मोकळा रस्ता बघून पाय दाबला. काही झालं नाही. मी म्हटलं, 'बंद पडली का हो?' हे म्हणाले, 'थांब, येतोय.' मी मागे वळून बघितलं, कोण येतोय? आणि तो आला. माझं डोकं सीटला चिकटलं, डब्याचं झाकण कुठे गेलं मला अजून कळलेलं नाही, आणि निम्मी बासुंदी माझ्या पैठणीवर. ट्रॉली कधी मागे गेली ते कळलं नाही, पण पुढे म्हशी होत्या. यांनी कच्चकन ब्रेक मारला आणि उरलेली निम्मी समोरच्या काचेवर गेली. यांनी वायपर सुरू केला. वन्सं, बासुंदी आतून होती! केळवणाला दिवसभर माझ्याभोवती माश्या, आणि नीरजाची होणारी सासू दर पाच मिनिटांनी विचारतेय, 'काय छान वास येतोय, काय केलंय?'

मग मोठा निघाला, छोटा बसला. गावात त्याचं बरं चाललं. पाय लावला की गाडी उडी मारायची. फक्त पाय काढला की बॉनेटखालून 'फिस्स' असा आवाज यायचा. वीरेंद्र म्हणाला जादा हवा सोडते, चांगलंच आहे. चांगलंच असेल, पण टेकडीखालच्या फुलवालीने मला बाजूला घेऊन विचारलं, 'काकी, काकाजी को सर्दी हुई क्या?' मग आला ट्रॅकचा रविवार. पहिल्या फेऱ्यांत हे राजे. वळणातून असे सुटायचे की मी सुद्धा कठड्याशी उभी राहून टाळ्या वाजवल्या (वाजवायला नको होत्या). मग गाडी तापली. सरळ रस्ता आला की टर्बोची छाती भरून यायची. डॉक्टरीणबाई पुन्हा मागून आल्या, पुढे गेल्या आणि या वेळी नुसता हात केला नाही, अंगठा वर करून 'ठीक आहात ना काका?' असं विचारून गेल्या. त्या 'काका'ने घाव घातला. हे बाहेर आले, बॉनेट उघडलं, आणि अजेय नको ते बोलला. म्हणाला, 'मामा, हा टर्बो नाही, हेअर ड्रायर आहे.'

'आणि तुझ्या त्या धोंड्याने माझी बासुंदी घालवली!' हे ओरडले. (बासुंदी माझी होती. पण त्या क्षणी कोण बोलणार?)

झाडाखाली उभे राहून दोघे जे भांडले, त्यात टर्बोपासून सुरुवात होऊन अजेयचं अजून न झालेलं लग्न, यांचं कंपनीत न झालेलं प्रमोशन, सगळं निघालं. घरी परतताना गाडीत फक्त 'फिस्स' बोलत होतं.

पुढच्या रविवारी अजेय आपला मोठा टर्बो परत न्यायला आला. नेमका वीरेंद्रही आला होता, छोटा काढून. आणि वन्सं, ते दोन्ही तेलकट टर्बो त्यांनी कुठे ठेवावेत? माझ्या जेवणाच्या टेबलावर, आईंच्या हातच्या भरतकामाच्या टेबलक्लॉथवर! दोन्हींच्या मधे लिंबाच्या लोणच्याची बरणी, जशी काही पंच. पुन्हा सुरू झालं. अजेय म्हणे आकडे बघा, वीरेंद्र म्हणे रस्ता बघा, हे म्हणे कुणी माझ्याकडे बघा. मला पोहे वाढायचे होते. मी म्हटलं, 'हे धूड उचला.' कुणी ऐकेना. मी मोठा टर्बो दोन्ही हातांनी उचलला. हे ओरडले, 'अगं त्याचा पंखा!' आणि दुसऱ्या बाजूने ओढायला लागले. तेलाने हात निसटले, आणि मग अंगठा. प्लास्टर घालून झाल्यावर अजेय टॅक्सीने धारला गेला, मामाच्या गाडीने येणार नाही म्हणाला. हेही म्हणाले, 'जाऊ दे.'

एवढंच झालं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण तेव्हापासून घरात बरं नाही हो. गाडी टर्बोशिवाय पोर्चमध्ये कव्हर घालून उभी आहे. दुपारी मला वाटतं हे झोपलेत, आणि जाऊन बघते तर कव्हरच्या आत, गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले असतात. संध्याकाळी अजेयच्या फोनची वेळ झाली की यांचा फोन टेबलावर सरळ ठेवतात, आवाज मोठा करतात, आणि बातम्यांचा बंद करतात. कंपनी सुटल्यापासून यांना दुसऱ्या कुणाचा फोन येतच नव्हता, हे मला तेव्हा समजलं. माझा फोन घेऊन बसतात ते नेटसाठी नाही. अजेयने मामीला तरी काही पाठवलंय का, ते बघतात. काही पाठवलेलं नसतं. मग म्हणतात, 'नेट ठीक आहे.'

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती. तुम्ही थोरल्या. तुमचा भाऊ चिंतू या जगात फक्त तुम्हाला भितो. त्याला फोन करा आणि सरळ खडसावून सांगा की हे वय आहे का, गाडी विकून टाक. गाडी गेली की भांडणाचं मूळच गेलं. मग अजेय येईल, बासुंदी करीन, आणि माणसं पूर्वीसारखी बसून राजकारणावर भांडतील.

भावोजींना नमस्कार, अजेयच्या अंगठ्याला आशीर्वाद.

तुमची
विनोदिनी

ता.क. गाडी विकायचं वर लिहिलंय ते कृपा करून बोलू नका. ते मी रागात लिहिलं आणि आता कागद पुन्हा कोण लिहिणार? खरं सांगायचं तर, हे आणि अजेय झाडाखाली भांडत होते ना, तेव्हा गाडी निवली होती आणि रिकामी होती. यांनी एंट्रीत माझंही नाव घातलं होतं (दोन नावं असली की नाश्ता दोघांना मिळतो). मी पदर खोचला, हेल्मेट घातलं आणि गेले. हाटपिपल्याच्या शेतातून बाबांची जीप चालवलेली बाई आहे मी. त्यांची भांडणं संपायच्या आत माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्या, आणि दोघांची माझ्याकडे पाठ होती. छोटा टर्बो वळणाला सोन्यासारखा आहे, पण सरळ रस्त्यावर अजेयचं म्हणणं खरं आहे. दोघांच्या मधल्या मापाचा हवा, हवा थंड करणारी जाळी मोठी हवी, तेलाचा कूलर वेगळा हवा, आणि दाब हावरटासारखा वाढवायचा नाही. वीरेंद्रला सांगितलं तर म्हणाला, 'सही पकडे, काकी.' मधला त्याच्या गॅरेजात येऊन पडलाय. पण गाडीचा कॉम्प्युटर जुळवायला अजेयच लागतो. त्याला सांगा, मामाने बोलावलंय. यांना मी सांगते, अजेय येतो म्हणालाय. दोघांनाही खोटं वाटलं तरी दोघंही खरं-खोटं बघायला दारात येतील. लॅपटॉपला अंगठा हाताचा लागतो, पायाचा नाही.

ता.क. दुसरं: गाडी तयार झाली की तुमच्याकडे देवीचं बोडण आहे असा निरोप धाडा. बोडणाला पुरुषाचं काम नसतं, तेव्हा हे मला धारला सोडतील आणि बसने परत येतील. 'गाडी राहू दे, अजेय तेल बदलून देईल' एवढं तुम्ही दारातून म्हणायचं. तो ट्रॅकचा रविवार असेल हे यांच्या लक्षात येणार नाही, कारण पंचांग मीच बघते.

ता.क. तिसरं आणि शेवटचं: शेजारची सीट रिकामी आहे. नऊवारी नेसा, पाचवारी पट्ट्यात अडकते. आणि त्या दिवशी अंबाडा घालू नका, वन्सं, वेणी घाला. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही.