अकरा कण

मरोदा, भिलाई
९ फेब्रुवारी १९९७

प्रिय वसुंधरा,

तुझ्या माहेरी येऊन आज तिसरा दिवस. तुला न कळवता आले, रागावू नकोस. दुर्ग स्टेशनवर मारोतकाका स्वतः घ्यायला आले होते. रिटायर झाले तरी खिशाला स्टील प्लांटचंच पेन. काकूंनी पुंडलिकच्या खोलीत माझी गादी घातली. चार वर्षांत तिथे कोणी झोपलं नाही म्हणे. दुपारी जरा डोळा लागला की वाटतं, तुझा भाऊ पुण्यातल्यासारखा शेजारच्या खुर्चीत बसून आकडे पुटपुटतोय. उठून बघते, तर खुर्चीवर धुतलेल्या चादरींची चळत.

काल काकूंनी विचारलं, तो नेमकं करत काय होता. मी सांगितलं की काही दीर्घिकांच्या पोटातल्या कृष्णविवरातून रेडिओचे झोत नुकतेच सुटू लागलेले असतात. नुकतेच म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी. ते अजून आतल्या दाट वायूतच अडकलेले असतात. एक्स-किरण त्या वायूतून बाहेर येऊ शकतात, पण आपली हवा त्यांना अडवते, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवावी लागते. काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "म्हंजे अजून उंबरठ्याबाहेर न निघालेलं लेकरूच म्हना ना." पुंडलिकला हे फार आवडलं असतं.

ब्याण्णव साली, आम्ही दोघं अभ्यासत होतो त्या अशाच एका दीर्घिकेच्या जागी उपग्रहाने प्रकाशाचे अकरा कण टिपले. सहाएक तर रिकाम्या आकाशातूनही आले असते. पुंडलिक म्हणे, उरलेले तिचेच. मी म्हणे, योगायोग. आठवडाभर भांडलो. शेवटी त्याने लेखात एकच ओळ मागितली: कदाचित दिसली असावी, पुन्हा जास्त वेळ पाहावं. मी हो म्हणाले. मग त्याला कावीळ झाली आणि तो विश्रांतीसाठी इकडे आला. त्याच्या पाठीमागे मी ती ओळ काढली, 'काही दिसलं नाही' असं लिहिलं आणि लेख पाठवून दिला. प्रत त्याला इथल्या पत्त्यावर पोचली. त्याचं उत्तर आलं नाही. सात आठवड्यांनी तो गेल्याची तुझी तार आली.

मागच्या वर्षी त्याच जागेसाठी पाचपट वेळ मिळाला. डिसेंबरमध्ये उपग्रहाच्या नोंदींची टेप आली. रिकाम्या आकाशातून तीस कण अपेक्षित होते, त्र्याऐंशी निघाले. वसू, ती तिथे आहे. ती तेव्हाही होती.

हेच सांगायला इथे आले. पहिल्याच दिवशी जेवताना तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "पोरी, मले तुमचं शास्त्र समजत नाही. पण जायच्या आधी पुंडलिक सारखं म्हणून राहिला होता, कमलचं बरोबर होतं, माहीच घाई झाली. तू त्याले चुकू देलं नाही, हे आमी विसरलो नाही." काकूंनी पानात आणखी वडाभात वाढला. आणि मी जेवले. तो स्वतःला चुकीचा समजून गेला, आणि त्याबद्दल मला या घरात मान मिळतोय.

उद्या सकाळी दोघांना समोर बसवून सगळं सांगणार आहे. नव्या लेखावर त्याचं नाव पहिलं असेल, पण त्याने काय भरून निघणार? सांगून झालं की मी निघेन. तू होईल तितक्या लवकर इकडे ये, त्यांना कोणीतरी जवळ लागेल. काका-काकूंना मी ओळखते. ते रडतील आणि मला माफ करतील. त्याचीच मला भीती वाटते. म्हणून हे तुला लिहिलं. या घरातलं एक तरी माणूस मला माफ न करणारं हवं. ते तू हो.

तरीही तुझीच,
कमलिनी