तुमाले समजते ते द्या

बाई, कायदा झाला. तुम्ही म्हणायच्या तोच. छोटे धंदे करणाऱ्यांना शिकवणारी, धंद्यात हात देणारी केंद्रं आता कुणाच्या मर्जीवर राहणार नाहीत, प्रत्येक तालुक्यात एक केंद्र सरकारला चालवावंच लागेल. पेपरात आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात आलं होतं. लाडू बांधता बांधता मी ते वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं की तुम्हाला फोन करावा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा नंबर मी मोबाईलमधून काढलेला नाही.

नवरा गेल्यावर मी नागझिरा अभयारण्याच्या गेटजवळच्या आमच्या गावाहून एसटीने मुर्रीला तुमच्या केंद्रात यायची, डब्यात मोहफुलांचे लाडू घेऊन. केंद्र म्हणजे टिनाखालच्या दोन खोल्या, पाकिटं बंद करायची एक मशीन आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते, त्यामुळे मी आधीच अंग चोरून बसलेली. तुम्ही लाडू खाल्लात आणि विचारलंत, "कितीले देतं?" आमच्याकडे सगळे म्हणतात तेच मी म्हटलं, "तुमाले समजते ते द्या." तुम्ही उरलेला लाडू खाली ठेवलात. "मले का समजते? मोह तू वेचला, तू भाजला, अन् भाव मी सांगू? अन् खाली काऊन पाहून राहिली? लाडू का जमिनीवर सांडले?" सगळ्या बाया हसल्या आणि मला रडू आलं. मग तुम्ही मला त्या माठासमोर उभं केलंत. मान वर करून माठाला भाव सांगायचा. "माठ हासत नाही," तुम्ही म्हणालात, "अन् घासाघीसही करत नाही." कितीतरी दिवस मी माठालाच लाडू विकले. पुढे गेटवर जिप्सीतून उतरलेल्या एका पाहुणीने "भाभी, कैसे दिए?" विचारलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाहून मी भाव सांगितला आणि तिने तो दिला. तेवढंच सांगायला मी दुसऱ्या दिवशी मुर्रीला आले होते. तुम्ही चहा टाकलात.

केंद्र एका सरकारी आदेशावर चालत होतं. "आदेश सरला का आपण सरलो," तुम्ही म्हणायच्या, "कायदा पाहिजे." आणि आदेश सरलाच. केंद्राचं पुढे काय करायचं ते पाहायला साहेब आले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी नीट विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे? मी वर काय कळवू?" आम्ही सगळ्या तुमच्याकडे पाहतो आहोत. तुम्ही उभ्या आहात, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं, नजर खाली. आणि तुम्ही म्हणता, "तुम्हाला जमेल तसं पाहा, सर." महिना सरायच्या आत कुलूप लागलं. मशीन टेम्पोतून गेली. माठ कुणालाच नको होता, तो तुम्ही घरी नेलात आणि शेवटपर्यंत आपल्या स्वयंपाकघरातच, छातीतलं दुखणं लपवत, येईल त्या बाईला शिकवत राहिलात. मला तुमचा राग आला होता, बाई. तुम्ही गेल्यावरही तो गेला नव्हता. आम्हाला बोलायला शिकवलं आणि ऐन वेळी स्वतः गप्प बसल्या, असं वाटायचं. तुमच्या मुलीने घर भाड्याने देताना तो माठ मला दिला, तोसुद्धा मी थोडा रागातच घेतला.

परवा नवे साहेब माझ्याकडे आले. पोरसवदा, चांगलं बोलणारे. कायद्याप्रमाणे केंद्र उघडायचं आहे, तुम्ही शिकवाल का, म्हणाले. जागा शहरात कचेरीजवळ पाहिली आहे. "पण ताई, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा." काय पाहिजे ते मला पक्कं माहीत होतं. केंद्र मुर्रीलाच पाहिजे, त्याच खोल्यांत, आणि दारावर तुमचं नाव. पण मी म्हटलं, "तुम्हाला जमेल तसं पाहा, सर."

बोलून मीच दचकले. लाडवाचा भाव सांगणं सोपं असतं, बाई. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर लाडू परत डब्यात ठेवता येतो. साहेब तुमच्या नावाला नाही म्हणाले असते तर ते नाव घेऊन मी कुठे गेले असते? त्या दिवशी तुमची नजर खाली का गेली ते मला आता कळलं. राग गेला. पण हे तुम्हाला सांगायला तुम्ही नाही, याचं फार वाईट वाटतं.

साहेब सोमवारी पुन्हा येणार आहेत. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमच्या घरी आता दुसरे लोक राहतात. दोन दिवस झाले, दार लावून घेते आणि माठासमोर उभी राहून केंद्राच्या दारावर तुमचं नाव मागते. अजून एकदाही न रडता ते पूर्ण म्हणता आलेलं नाही.